पहिल्या नंबरचं अभ्रक

हे घडलं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली. साल पक्कं आठवतं, कारण त्या दिवाळीत कांदा इतका महाग झाला होता की सटाण्याचा माझा भाऊ भाऊबीजेला साडीऐवजी कांद्याची पिशवी घेऊन आला आणि शेजारणी ती बघायला आल्या. तोपर्यंत माझं काम उरकलं होतं. शेखर सुपरवायझर कारखान्यातून गेलेला होता, आणि तो कोणामुळे गेला हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

आमचा कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होता, अभ्रकाचा. बिहारहून लाकडी पेट्यांतून जाड ठोकळे यायचे. आम्ही चौदा बायका गोणपाटावर बसून चाकूने त्यांची कड उकलायचो, पापुद्रे सुटे करायचो आणि निवडून नंबर लावायचो. पाण्यासारखं स्वच्छ, एकही डाग नाही, तो पहिला नंबर. थोडे ढगासारखे डाग, तो दुसरा. काळे, तांबडे ठिपके दिसले की तिसरा, चौथा. हा माल इस्त्रीत, हीटरमध्ये, मोटारीत वीज अडवायला लागायचा. काळ्या ठिपक्यात लोखंडाचा अंश असतो, तिथून वीज पलीकडे जाते आणि इस्त्री जळते.

भरलेल्या प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी जायची. माल ज्या बाईने निवडला तिचं नाव त्या चिठ्ठीवर असायचं. जिला लिहिता येत नव्हतं ती खूण काढायची. माल परत आला की चिठ्ठी उघडायची, आणि जिची चिठ्ठी तिने जाब द्यायचा. हा नियम मालकांचा, ललितशेठचा.

बयाबाईची खूण होती तीन उभ्या रेघा.

बयाबाई सुरगाण्याकडची. भाताची कापणी झाली की नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या बागांत मजुरीला यायची. एका वर्षी परत गेलीच नाही, आमच्या कारखान्यात लागली आणि चुंचाळ्याच्या शिवारात झोपडं घालून राहिली. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही चाकूने तीनदा टोकरायचो, तिथे ती ठोकळा कानाशी नेऊन कडेला नखाने टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि एकदाच चाकू घालायची. पापुद्रा सायीसारखा उचलून यायचा. अभ्रकातलं मला जे काही येतं ते तिने शिकवलेलं आहे. तुकडा डोळ्यासमोर आडवा धरायचा आणि त्यात छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. प्रतिबिंबाची रेघ सरळ राहिली तर पापुद्रा एकसंध. रेघ कुठे मोडली, तर तिथे पायरी आहे, एक थर संपून दुसरा लागलेला आहे. डाग कोणालाही दिसतात. पायरी ट्यूब बघणाऱ्यालाच दिसते.

तिची जीभ मात्र तिखट होती. शेखर नवीन होता तेव्हा टेबलावरून एक तुकडा उचलून पहिला नंबर कसा ओळखायचा ते आम्हाला समजावायला लागला. बयाबाई खाली मान घालूनच म्हणाली, "साहेब, ती खिडकीची काच हाय. अभ्रक तुमच्या बुटाखाली हाय."

सगळ्या बायका हसल्या. शेखरही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

एक्क्याण्णव साली, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, मुंबईच्या एका इस्त्र्या बनवणाऱ्या कंपनीचा ट्रक फाटकात उभा होता आणि पहिल्या नंबरच्या दोन पेट्या कमी पडत होत्या. जेवणाची सुट्टी झाली होती. मी चष्मा विसरले म्हणून परत आत आले आणि खांबाआडून पाहिलं. शेखर बयाबाईच्या पेट्या उघडून बसला होता. त्यातला स्वच्छ माल निम्मा काढून दुसऱ्या दोन पेट्यांत घालत होता. रिकाम्या जागी तळाला तिसऱ्या नंबरचा माल आणि वर पुन्हा स्वच्छ थर. आतल्या चिठ्ठ्या त्याने तशाच ठेवल्या. नव्या दोन पेट्यांत बयाबाईच्याच जुन्या चिठ्ठ्या टाकल्या. त्याने मला पाहिलं नाही.

महिन्याभराने माल परत आला. इस्त्र्या जळल्या होत्या. चिठ्ठ्या उघडल्या तर सगळ्यांवर तीन उभ्या रेघा. बयाबाई म्हणाली, हा माल माझा नाही. शेखर शेठना म्हणाला, ही चांगला माल बाहेर विकते आणि पेटीत कचरा भरते. पुरावा म्हणून त्याने फाटकात तिची पिशवी उलटी केली. पिशवीतून नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा निघाला, तो खाली मुरमात पडला. मग त्याने वॉचमन झुंबरला सांगितलं, लुगड्याचा ओचा झटकायला लाव. झुंबरने मान फिरवली. शेवटी बयाबाईने स्वतःच ओचा झटकला. अकरा वर्षं तिथे काम केलेली बाई.

मी माझ्या गोणपाटावर बसून होते. माझा नवरा फकिरा दम्याने अंथरुणाला खिळला होता, मुलगी पल्लवी दहावीला होती, आणि घरात कमावणारी मी एकटी. मी चाकू चालवत राहिले. जाताना बयाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला खरं ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात शेखरने एक कागद टाइप करून फाटकावर चिकटवला. कामावरून कमी केलेल्या प्रत्येकाची पिशवी फाटकात तपासली जाईल.

त्या दिवसापासून मी शेखरच्या चुकीची वाट पाहू लागले. चुका तो करायचा, पण एका बाबतीत फार हुशार होता. कुठल्याही पेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी नसायची. माल निवडणारी बाई, भरणारी बाई, चिठ्ठी बाईची. बिघडलं तर बाई जायची. बयाबाईनंतर आणखी दोघी अशाच गेल्या. मला हवी होती शेखरच्या हातची, शेखरच्या नावाची, खराब मालातली एक चिठ्ठी. त्यासाठी मी सात वर्षं थांबले.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीच्या आठवड्यात तेजस्विनी आली. नाशिकचीच मुलगी, आई कळवणची. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. करत होती. केबिनमध्ये शेखरने तिला नंबरांवर पाऊण तास व्याख्यान दिलं. मग तिने विचारलं, माल प्रत्यक्ष निवडतं कोण, मला त्यांच्याशी बोलायचंय. म्हणून तिला आमच्याकडे आणलं. मुलगी चांगली जीन्स घातलेली, पण सरळ गोणपाटावर माझ्याजवळ बसली आणि मला मावशी म्हणाली.

तिच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता. तो डोळ्याने बघत नाही, बारीक सुईच्या टोकाने चाचपून बघतो, आंधळा माणूस बोटांनी चेहरा बघतो तसा, असं तिने मला सांगितलं. माणसं सगळं विसरायला लागतात त्या आजारात मेंदूत प्रथिनांचे धागे तयार होतात. ते अगदी सुरुवातीला कसे असतात ते तिला पाहायचं होतं. त्यासाठी ती प्रथिनं मिसळलेल्या पाण्याचा थेंब अशा जागी ठेवायचा की जी अगदी सपाट असेल. इतकी सपाट जागा अभ्रकाशिवाय कुठे सहज मिळत नाही. परदेशातून मागवलेल्या चकत्या यायला चार चार महिने लागत, म्हणून तिच्या सरांनी सांगितलं होतं, आपल्याकडे मिळतंय का बघ. कुठला नंबर घ्यावा हे तिला कळत नव्हतं.

मी म्हटलं, तुझी सुई केवढं ओळखते? ती म्हणाली, मावशी, तुमच्या बोटाचा ठसा म्हणजे तिला सप्तशृंगीचा डोंगर.

मग मला तिचं काम कळलं. तिला वीज अडवायची नव्हती, त्यामुळे डागाशी तिला काही घेणं नव्हतं. तिला पायरी नको होती. मी दुसऱ्या नंबरचा एक जाड ठोकळा घेतला, ढगासारखे डाग असलेला, त्याची कड उकलून पापुद्रा उचलला आणि तिला ट्यूब दाखवली. रेघ सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पहिल्या नंबरचा, अगदी स्वच्छ तुकडा धरला. रेघ चार ठिकाणी मोडली. ती कितीतरी वेळ दोन्ही तुकडे आलटून पालटून बघत राहिली. मी सांगितलं, हे नंबर वीजवाल्यांनी लावलेत, तुझ्यासारख्यांसाठी नाहीत. तू दुसऱ्या नंबरचं एकसंध अभ्रक जाडच घेऊन जा आणि ...

तेवढ्यात शेखर आला. मागे उभं राहून त्याने ऐकलं असावं. तो हसून म्हणाला, "मॅडम, आमच्या बायकांचं ऐकाल तर त्या तुम्हाला भंगारही देतील. संशोधनाला पहिला नंबरच लागतो. आणि ठोकळे कशाला नेता, आम्ही तयार चकत्या करून देऊ. काढायच्या आणि वापरायच्या."

माझं वाक्य अर्धं राहिलं. मला म्हणायचं होतं, जाड घेऊन जा आणि दर वेळी थेंब टाकायच्या क्षणी वरचा थर स्वतः सोल, म्हणजे आतला थर कोऱ्याचा कोरा मिळेल, ज्याला कोणाचाच हात लागलेला नाही. ते मी म्हटलं नाही. सुरुवातीला फक्त संधी मिळाली नाही म्हणून. संध्याकाळी घरी जाताना मात्र माझ्या लक्षात आलं की सात वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच.

शेखरला या ऑर्डरचं फार अप्रूप होतं. चकत्या शंभरच होत्या, पण ललितशेठच्या डोक्यात आलं होतं की पुण्याला पसंत पडलं तर देशातल्या सगळ्या प्रयोगशाळा आपल्याकडे येतील. सिन्नरला दुसरी शेड टाकायची आणि ती शेखरने चालवायची असं बोलणं चाललं होतं. त्यामुळे हे काम त्याने स्वतःच्या हातात घेतलं. स्वच्छातलं स्वच्छ अभ्रक निवडलं, पातळ सोलून घेतलं, रुपयाएवढ्या गोल चकत्या कापून घेतल्या. मग प्रत्येक चकती पुसून चकचकीत करायची असं ठरवलं, आणि पुसायला मेनरोडवरून पांढरं शुभ्र मलमल आणलं. ताग्यातून कापलेलं, कोरं.

आमच्याकडे कोरं कापड कधीच वापरत नसत. कोऱ्या कापडात पिठाची खळ असते. पूर्वी एकदा हीटरच्या चकत्या कोऱ्या कापडाने पुसल्या होत्या, त्या तापल्यावर त्यांच्यावर पिवळा पडदा आला. तेव्हापासून आम्ही घरच्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यांचे तुकडे वापरायचो. शेखर एरवी आमच्या गोणपाटापर्यंत येत नसे, त्यामुळे ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. माझ्या शेजारी बसणाऱ्या लताबाईने मलमल हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती, मी सांगेन ते ऐकायची.

चिठ्ठ्यांची वेळ आली तेव्हा शेखरने सवयीने त्या माझ्यापुढे टाकल्या. मी त्याला म्हटलं, साहेब, पुण्याची एवढी मोठी संस्था, तिथे डॉक्टर लोक चिठ्ठी उघडणार आणि आत आमचं वाकडंतिकडं नाव. बरं दिसेल का? तुमचं नाव छापून, खाली सही असेल तर वजन पडेल. पुढे सिन्नरला त्यांच्याशी तुम्हालाच बोलायचंय.

 तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. दुसऱ्याच दिवशी त्याने चिठ्ठ्या छापून आणल्या. तपासून पास, वापरण्यास तयार, आणि खाली त्याचं पूर्ण नाव. दहा डब्यांत दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर सही. सह्या करताना तो बारीक शीळ घालत होता. शेवटी त्याने मला विचारलं, काही राहिलं का. मी म्हटलं, काही नाही, साहेब.

फेब्रुवारीत तेजस्विनी स्वतः माल न्यायला आली. डबा उघडून तिने एक चकती चिमट्याने उचलली आणि मी शिकवल्याप्रमाणे ट्यूबकडे धरली. शेखरने माझ्याकडून ट्यूबवर बघून निवडून घेतल्या होत्या, त्यामुळे रेघ सरळ होती. तिचं तोंड उजळलं. मग ती माझ्याकडे वळली.

"मावशी, या परत सोलायला नकोत ना? तशाच वापरू?"

शेखर शेजारीच उभा होता. तिला खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"साहेबांनी स्वतः पास केल्यात," मी म्हणाले.

तिने मला नमस्कार केला आणि ती गेली.

पुढचे महिने मी शांतपणे काम केलं. ती मुलगी आठवली की मी बयाबाईची भाकरी आठवायचे, मुरमात पडलेली. मला वाटत होतं, चकत्या खराब निघतील, दोन आठवड्यांत परत येतील, तिचा थोडा वेळ जाईल. माझा अंदाज तिथे चुकला. चकत्या परत आल्या नाहीत. उलट मार्चमध्ये पुण्याहून पत्र आलं की उत्तम निकाल मिळत आहेत. शेखरने ते पत्र फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. मला काही समजेना.

श्रावणात, एका सोमवारी, तेजस्विनी आली. खाली न बसता सरळ शेठच्या केबिनमध्ये गेली. थोड्या वेळाने मला बोलावलं, कारण चकत्या माझ्या हाताखाली पुसल्या गेल्या होत्या. टेबलावर दहा चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि शेजारी तिच्या सूक्ष्मदर्शकाने काढलेले फोटो. तपकिरी जमिनीवर पांढरे, नाजूक, वळणावळणाचे धागे.

ती सांगत होती त्यावरून मला कळलं ते असं. पहिल्याच आठवड्यात तिला हे धागे दिसले. जिथे अजून दिसायला नकोत तिथे, कोणालाही दिसले नव्हते इतक्या लवकर. तिला वाटलं, आपल्याला सापडलं. पाच महिने तिने हे धागे मोजले, त्यांची लांबी काढली, तक्ते केले. जुलैत बंगलोरच्या परिषदेत दोनशे माणसांपुढे उभं राहून दाखवले. तिथे एका वयस्कर बाईंनी विचारलं, थेंब न टाकता नुसतं अभ्रक बघितलंत का? तिने परत येऊन बघितलं. नुसत्या अभ्रकावरही तेच धागे होते.

शेखर म्हणाला, आमच्या मालात धागे येणं शक्य नाही, पुण्याला कोणी तरी हात लावला असेल. तेजस्विनीने विचारलं, चकत्या कशाने पुसल्या? शेखर अभिमानाने म्हणाला, नव्या मलमलीने. शेठनी मला कापड आणायला सांगितलं. उरलेलं मलमल मी कपाटात नीट घडी करून ठेवलं होतं. त्याबरोबर मी आमच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडाही आणला.

तिने प्रथमोपचाराच्या पेटीतली आयोडीनची बाटली मागितली. लुगड्यावर एक थेंब टाकला, तो तांबूस पिवळाच राहिला. मलमलीवर टाकला. आमच्या डोळ्यांदेखत तो निळा, मग काळा झाला.

"खळ," ती म्हणाली. "पाच महिने मी कापडाची खळ मोजत होते."

शेखर घाईघाईने म्हणाला की पुसायचं काम लंकाबाईंच्या, म्हणजे माझ्या, हाताखालच्या पोरींनी केलं. शेठनी विचारलं, कापड कोणी आणलं?  मग शेठनी एक चिठ्ठी उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"ही सही कोणाची?"

"शेठ, ती नुसती नावाला ..."

"माझ्या कारखान्यात चिठ्ठी नावाला नसते."

शेठनी मला विचारलं, तुम्ही यांना काही बोलला नाहीत? मी म्हणाले, शेठ, साहेबांनी सांगितलं ते केलं. संस्थेचं पत्र शेठच्या हातात होतं. त्यात लिहिलं होतं की या कारखान्याचा माल कोणी घेऊ नये असं इतर प्रयोगशाळांना कळवत आहोत. सिन्नरची शेड त्याच टेबलावर बुडाली. शेखरला तीन वाजता हिशेब करून जायला सांगितलं.

झुंबर म्हातारा झाला होता, पण फाटकावर तोच होता आणि तो कागदही होता, पिवळा पडलेला. झुंबरने कागदाकडे बोट दाखवून शेखरला पिशवी उघडायला सांगितली. शेखर म्हणाला, मला ओळखत नाहीस का? झुंबर म्हणाला, "ओळखतो ना साहेब, टाइप तुम्हीच केलाय." पिशवीतून डबा, छत्री, सिटी बसचा पास आणि ती पत्राची फ्रेम निघाली. आम्ही चौदाही जणी दारात उभ्या होतो. मी पुढे होते. तो मान वर करील तर त्याला मीच दिसावी म्हणून पुढे होते. त्याने मान वर केली नाही. माझ्या छातीत सात वर्षांनी हवा भरली. खोटं कशाला बोलू, इतका गोड दिवस माझ्या आयुष्यात थोड्याच वेळा आला.

मागे वळले तर तेजस्विनी माझ्या गोणपाटाजवळ उभी होती.

"मावशी, लुगड्याचा तुकडा तुम्हाला कोणी आणायला सांगितला नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

मी तिला बयाबाईचं सगळं सांगितलं. पेट्या, तीन रेघा, भाकरी, ओचा.  मला वाटलं, आता ही समजून घेईल.

"त्या बाईंचं वाईट झालं," ती म्हणाली. "पण मावशी, त्या माणसाची नोकरी गेली, तो उद्या दुसरी शोधेल. माझं नाव दोनशे लोकांत गेलंय. ते मी कुठे शोधू?"

 मी गोणपाटावर बसले आणि दुसऱ्या नंबरचे तीस ठोकळे निवडून काढले. एकेकाची कड उकलून ट्यूब बघितली. जानेवारीत अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, की दर वेळी चिकटपट्टीने वरचा थर काढ आणि लगेच थेंब टाक. डब्यात माझ्या हाताने माझ्या नावाची चिठ्ठी घातली. तिने डबा घेतला. मग तिथेच, माझ्यासमोर, तीसच्या तीस तुकडे एकेक करून ट्यूबकडे धरून तपासले. तास लागला. 

दिवाळीनंतर मी वणीवरून सुरगाण्याची एसटी पकडली. बयाबाई खळ्यावर भात झोडत होती. तिने मला आधी पाणी दिलं, मग भाकरी. मी तिला सगळं सांगितलं, पेट्या मी पाहिल्या होत्या तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग शेठला सांगितलंस का, मी चोर नव्हते म्हनून?"

मी म्हटलं, ते सांगितलं असतं तर माझंही सगळं उघडं पडलं असतं.

"म्हंजी त्याला घालवलंस," ती म्हणाली, "पन मी अजून चोरच हाय."

ती पुन्हा भात झोडायला लागली. मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

सोमवारी मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि एक्क्याण्णवचं सांगितलं. अठ्ठ्याण्णवचंही सांगितलं.  शेठनी बयाबाईच्या नावाने एक पत्र टाइप करायला लावलं, की तिच्यावरचा आरोप खोटा होता, आणि मला म्हणाले, महिनाअखेरीला तुमचा हिशेब करतो. जाताना झुंबरने माझीही पिशवी उघडली. नियम तो नियम.

बयाबाईने ते पत्र तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं आणि ट्रंकेत ठेवलं. ती दोन हजार पाच साली गेली. सुनेने मला निरोप पाठवला होता. झुंबर त्याच्या आधीच्या वर्षी गेला. लताबाईने माझी जागा घेतली. कारखाना दोन हजार सातला बंद झाला, कारण इस्त्र्यांत आता दुसरंच काही तरी घालतात. ललितशेठ मुलाकडे सुरतेला गेले. तेजस्विनीची पीएच.डी. ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा झाली. ती परदेशात असते असं तिच्या आईने एकदा कळवणच्या बसमध्ये सांगितलं. मला तिचं पत्र कधी आलं नाही, आणि यावं असंही काही नाही.

शेखरने सातपूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा टाकला आणि तो चांगला चालला. दोन हजार सहा साली एका लग्नात तो मला भेटला. त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली, पल्लवीची चौकशी केली आणि म्हणाला, "त्या कारखान्यात माझ्यावर फार अन्याय झाला, लंकाबाई, तुम्ही तरी साक्षीला होतात." मी त्याच्या हातचा चहा घेतला. त्याच्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तेजस्विनीबद्दल वाटतं, रोज.